टेकडी आणि घर यांच्यामधला पट्टा

२०२० च्या फेब्रुवारीत मी कोकणातले घर सोडले, तेव्हा माझा धाकटा भाऊ वसंता काजूच्या बागेभोवती जाळपट्टा काढत होता. कडेचे गवत कापून उरलेला पाचोळा तो थोडाथोडा पेटवी आणि ओल्या डहाळीने झोडपून विझवी, म्हणजे डोंगरावरचा वणवा पुढे त्या करपलेल्या पट्ट्याशी येऊन उपाशी मरावा. मला निरोप द्यायला तो फाटकापर्यंत आला, पण डहाळी काही हातातून सुटली नाही.

"दादा, त्या आयर्लंडात बारमाही पाऊस. तिथं कसला वणवा नि कसला पट्टा? आरामात राहा."

आमचे वडील असते तर त्यांनी त्याला तिथेच गप्प केले असते. "वणवा सातबारा बघून थांबत नाही," असे ते दर माघात बजावत.

वसंता, हे तुझ्यासाठी लिहितो आहे. मुलांच्या मागोमाग परदेशी येऊन 'आपण इथे पाहुणे' असे म्हणत खिडकीशी बसून राहिलेल्या माझ्या वयाच्या मंडळींसाठीही लिहितो आहे.

माझ्या मुलाचे, अभिजितचे, घर स्लायगो गावाच्या बाहेर, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या वसाहतीत आहे. परसातल्या भिंतीला लागूनच गॉर्स नावाचे काटेरी झुडूप माजले होते. फुलले की टेकडीवर हळद सांडल्यासारखे दिसते. सूनबाई त्याचे फोटो काढून तुम्हाला पाठवी. मला मात्र त्यात सरपण दिसले, कारण वरून हिरवे असले तरी ते आतून सुकलेले आणि तेलकट असते.

आपल्याकडे शिमग्याच्या आत पट्टा झाला की झाला. त्या वर्षी शिमगा मार्चमध्ये होता, म्हणून मार्च उजाडल्यावर मी निवांतपणे, बॅगेत घालून आणलेली कोयती घेऊन भिंतीपाशी गेलो. पलीकडच्या परसातून शेजारीण मॉरीन ओरडली. ती माझ्याच वयाची, निवृत्त परिचारिका.

"थांबा, थांबा! मार्च लागला. पक्षी घरटी करताहेत. आता ऑगस्ट संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कायदा आहे तसा."

"आणि आग लागली तर?"

"मग देवच वाली," ती हसली, "पण कापायचं नाही, लव्ह."

उभी हयात दिवाणी न्यायालयात घालवलेल्या माणसाला भिंतीवरून कायदा शिकवला गेला! पंचांगाने मला गुन्हेगार करायचेच काय ते बाकी ठेवले होते. विमाने बंद झाली, मी इथेच अडकलो, आणि तो कायदा मुळातून वाचून काढला. मॉरीनचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पक्ष्यांचा हक्क मला मान्य आहे. पण ज्या महिन्यांत कापणी कायदेशीर आहे, त्या महिन्यांत हातावर हात ठेवून बसणाऱ्यांचा हक्क मला मान्य नाही.

भिंतीपलीकडची जमीन वसाहतीच्या व्यवस्थापन कंपनीची होती. सप्टेंबर लागताच मी कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले: नोंद घेतली आहे. स्मरणपत्र धाडले. पुन्हा नोंद घेतली. तहसील कचेरीत ज्या वाक्याने माझे अर्धे अशील थकवले, तेच वाक्य समुद्र ओलांडून माझ्या आधी इथे पोचले होते.

"बाबा, प्लीज," अभिजित म्हणाला, "आपण इथे बाहेरचे. तक्रारखोर म्हणून नाव नको व्हायला. इट्स ग्रँड, सगळं ठीक आहे."

"घर पेटलं तर तेही ग्रँडच पेटेल का?"

शेवटी मॉरीननेच माझे डोळे उघडले. "पत्रं लिहिता तरी कुणाला? ती कंपनी म्हणजे आपणच! मी, तुमचा अभिजित, सगळे घरमालक सभासद. उत्तरं पाठवणारा एजंट आपणच नेमलेला."

माझा संताप अनावर झाला. मालक असून मी अर्जदारासारखा ओट्याखाली उभा होतो! त्याच संध्याकाळी मी अभिजितकडून मुखत्यारपत्र लिहून घेतले आणि सभेची मागणी केली. सभा झूमवर झाली. कुणीतरी म्हणाले, "युअर मॅन एका झुडपाला घाबरतो." युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'हा बुवा'. मी वडिलांचे वाक्य इंग्रजीत सांगितले, आणि सातबारा म्हणजे काय तेही सांगितले. हशा पिकला, पण ठराव झाला. साथीमुळे एकत्र जमणे निषिद्ध होते, म्हणून प्रत्येक घराने आपापल्या भिंतीमागचा भाग फेब्रुवारी संपण्याआधी साफ करायचा असे ठरले.

ठरावानंतरच्या शनिवारी पहिला माणूस भिंत ओलांडून गेला तो अभिजित. हातमोजे न घालता गेला आणि काट्यांनी हात सोलवटून घेतले. माझीही कोयती चालूच होती.

एप्रिलात पाऊस थांबला, पूर्वेचा कोरडा वारा सुटला, आणि एका दुपारी टेकडीच्या माथ्यावर धूर दिसला. गॉर्स पेटते तेव्हा फटाक्यांच्या माळेसारखे तडतडते. आग उतरत आमच्या भिंतीच्या दिशेने आली, उघड्या मातीशी अडखळली आणि खुजी झाली. अग्निशमन दलाचे जवान आमच्या त्याच पट्ट्यात उभे राहून तिच्यावर तुटून पडले. भिंत हाताला गरम लागत होती, पण उभी होती.

"हा पट्टा कुणी काढला?" त्यांच्यातल्या एकाने विचारले.

"आम्ही," अभिजित म्हणाला. "जागा आमची आहे."

'आपण बाहेरचे' हे वाक्य त्यानंतर या घरात मी ऐकलेले नाही.

परवा फोनवर तू विचारलेस, "दादा, घरी कधी येणार?" येईन. पण कोणत्या घरी, हा वाद आता माझ्या बाजूने निकाली निघाला आहे. ज्या जमिनीभोवतीचा पट्टा काढण्यापासून मला अडवले तर मी शेवटच्या अपिलापर्यंत भांडेन, ते माझे घर. अशी मला दोन आहेत आणि एकाचाही ताबा मी सोडणार नाही. अडचण एकच: तुझा माघ आणि इथला फेब्रुवारी एकाच वेळी येतात. तेव्हा तिकडचा पट्टा तू काढ. इकडचा मी काढतो.