नळावर झालेली शिवीगाळ आणि घरात मागितलेली माफी

मंडळी, आज सकाळी आमच्या मोहल्ल्यात जे झालं ते सांगते. टायपायला नातीनं शिकवलंय, चुका सोडून द्या.

कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या भैयाजींनी मागे शेजारच्या रामकलीला नळावर सगळ्यांदेखत जातीवरून शिव्या दिल्या. तिनं केस केली. आज ते समझौता करायला तिच्या घरी पेढे घेऊन आले आणि मोठी म्हणून मला मध्ये बसवलं. पेढ्यांत साखर फार होती.

भैयाजी म्हणाले, "घर की बात है, माफ कर दो बहनजी."

रामकली म्हणाली, "गाली घर में दी थी? माफी भी नल पे माँगो."

माझी नात वकील आहे, तीही माझ्यासोबत आली होती. ती म्हणाली, "दबाव मत डालिए. समझौता अपनी मर्ज़ी से हुआ या नहीं, कोर्ट पूछेगा."

भैयाजी उठले. नळाला पाणी आलेलं, बायकांची रांग होती. तिथे त्यांनी हात जोडले.

रामकलीनं आधी घागर भरली. मग म्हणाली, "माफी सुन ली. केस का सोचके बताऊँगी."

मला तर फार आवडलं बाई. तिच्या जागी तुम्ही असता तर समझौत्याच्या कागदावर लगेच सही केली असती का?