पोरीला बोलायचं न्हाई

दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. आम्ही गादीवरच्या चादरी झटकत होतो आणि शमीमभाभींच्या मुलाचा फोन आला. "मावशी, अम्मी गेली..." एवढंच बोलला. झोपेतच गेल्या. आदल्या संध्याकाळी याच गादीवर बसून त्यांनी एका तणतणणाऱ्या बाईला हसतमुखानं घरी पाठवलं होतं.

इस्लामपुरातल्या या साडीच्या दुकानात मी लागले, तेव्हा भाभी इथं मुरलेल्या होत्या. लग्नाचा बस्ता असला की अण्णा, म्हणजे आमचे मालक, त्यांनाच पुढं बसवायचे. बस्त्याला दोन्हीकडची माणसं येतात, सोबत रुसवेफुगवेही आणतात. ढीगभर साड्या उलगडून एकही पसंत न करणारी, समोरच्या दुकानाचं कौतुक ऐकवणारी, नेसलेली साडी धुऊन परत आणणारी... भाभी सगळ्यांना पुरून उरायच्या. मी चिडले की म्हणायच्या, "सुनंदा, ती तुझ्यावर न्हाई चिडलेली. घरनंच चिडून आलीया. आदी पाणी दे तिला."

एका बस्त्याचं मात्र सांगायलाच हवं. शिराळ्याकडची मंडळी होती. नवऱ्या मुलाची आत्या पुढं बसलेली, तिला काहीच पटेना. एक शालू तर तिनं भाभींच्या अंगावर भिरकावला. भाभींनी तो शांतपणे घडी करून बाजूला ठेवला. नवरी मुलगी मागं मान खाली घालून बसली होती. तिनं भीतभीत एका पिवळ्या साडीला हात लावला, तशी आत्या म्हणाली, "आदीच काळी, त्यात पिवळं. लोक हसतील आमास्नी." मुलीनं हात मागं घेतला. तिचे वडील जमिनीकडं बघत राहिले.

भाभींनी साड्या उलगडायचं थांबवलं. "आवं आत्याबाई," आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "मला काय बी बोला, ते माझं कामच हाय. पण ह्या गादीवर पोरीला बोलायचं न्हाई. बोलायचंच असलं, तर हा बस्ता आमी बांधत न्हाई."

ऐन लग्नसराई, एवढं मोठं गिऱ्हाईक. भाभींची नोकरी गेलीच म्हणायची. आत्या तरातरा बाहेर निघून गेली. मुलीचे वडील हात जोडून उठले, ठरलेलं लग्न मोडतंय की काय ही धास्ती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. अण्णा गल्ल्यावरून उठून आले, भाभींकडं बघितलं, आणि त्यांच्या शेजारी बसले.

तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेली नवऱ्या मुलाची आई बोलली. "बसा पाव्हणं. आत्याबाईंचं मी बघते. भाभी, पोरीला पिवळीच दाखवा."

भाभींनी मुलीला आरशापुढं उभं केलं, स्वतः साडी लावून दिली. "चांगली दिसती का?" मुलीनं हळूच विचारलं. "मला काय इचारतीस? आरशात बघ की," भाभी म्हणाल्या. तेव्हा कुठं त्या पोरीनं मान वर केली. लग्नात ती पिवळीच नेसली.

पुढं नागपंचमीच्या खरेदीला आत्याबाई स्वतः दुकानात आल्या. "ती भाभी कुठाय? तिच्याकडनंच घेनार मी." भाभींनी मागचं काही काढलं नाही. पाणी दिलं, साड्या उलगडायला घेतल्या. आत्याबाईंना त्या दिवशीही लवकर काही पटलं नाही, पण शेवटी दोघी कशावरून तरी खळखळून हसत होत्या.

आरशाशेजारी एक पडदा आहे. नेसवताना हाताशी असाव्यात म्हणून भाभी त्याच्या काठाला सेफ्टीपिना टोचून ठेवायच्या. त्या पिना अजून तशाच आहेत. साडी लावून दाखवायची झाली की आम्ही त्यातलीच एखादी काढतो... आणि काम झालं की परत तिथंच टोचतो.