साडूंची गळकी गाडी

जगातल्या प्रत्येक दुःखाचं मूळ कुठल्या तरी सैल नटात असतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा थोरला साडू आहे. पडेगावात त्यांचं छोटंसं घर, आणि त्या घराला अजिबात न शोभणारा डिझेलचा अवाढव्य ट्रक वर्षानुवर्षं दारात उभा असे. येणाऱ्याला आधी ट्रक दिसे, मग घर, आणि मग ट्रकखालून बाहेर आलेले दोन पाय. ते पाय म्हणजे साडू. वडीलधाऱ्यांच्या पाया पडायची आमची रीत इतक्या सोयीनं दुसऱ्या कुठल्याच घरात पाळता येत नसे. मी वाकून नमस्कार करी, खालून ‘या पाव्हणं’ असा घुमणारा आवाज येई, आणि मी आत चहाला जाई.

वाळूजच्या कारखान्यांचा माल त्यांनी आयुष्यभर याच ट्रकातून वाहिला, पण गॅरेजची पायरी कधी चढले नाहीत. “मेकॅनिक म्हंजे परका माणूस. त्याला गाडीचा सभाव काय ठाऊक?” असं म्हणत. त्यामुळं सगळी दुरुस्ती घरी, आणि घरच्याच सामानानं. नळीच्या जोडातलं तांब्याचं वायसर कडक झालं की ते स्वयंपाकघरातल्या गॅसवर लालभडक करून पाण्यात टाकायचं, म्हणजे मऊ होतं. शेजारच्या शेगडीवर त्याच वेळी पाहुण्यांचा चहा उकळत असे. डिझेलची गळती बारीक असली तर नळीवर अक्कांची, म्हणजे त्यांच्या बायकोची, तोंडाला लावायची पावडर शिंपडायची. पावडर जिथं ओली होईल तिथं चोर. एका लग्नाला निघताना अक्कांनी पावडरीचा रिकामा डबा माझ्यापुढं आपटला होता. “नटवायचं तिला नटवलंय ह्यांनी. मी आपली अशीच येते.”

अक्का चिडत खऱ्या, पण त्यांच्याशिवाय ट्रकचं पान हलत नसे. नळी कुठं गळायला लागली की तिथूनच हवा आत शिरते आणि इंजिन बंद पडतं. मग एकानं खाली पडून हातपंपानं ती हवा काढायची आणि दुसऱ्यानं केबिनमध्ये बसून किल्ली फिरवायची. साडू खालून ओरडत, “मार गं सेल!” की अक्का हातातला लसूण टाकून, पदर खोचून केबिनमध्ये चढत. ट्रक सुरू झाला की खिडकीतून डोकं काढून गल्लीकडं अशा बघत, जणू आता थेट सुरतेलाच निघाल्यात. त्यांना ट्रक चालवता येत नव्हता. चालू मात्र त्याच करत.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अक्का गेल्या. काविळीचं निमित्त झालं. साडू रडले नाहीत, निदान कुणासमोर नाही. त्यांच्या डोळ्यांनाही आता रस्त्यावरचं नीट दिसत नव्हतं. पुण्याची मुलगी म्हणाली, “बाबा, ट्रक विकून टाका,” आणि तिनंच वैजापूरचा एक कांद्याचा व्यापारी शोधून दिला. साडू नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, “डिझेल गळतंय. गळकी गाडी कुणाच्या गळ्यात घालायची नाय.”

मग गळती शोधणं सुरू झालं आणि ते काही संपेना. सगळा हिवाळा गेला. वायसर बदललं, क्लिपा बदलल्या. थेंब एका जोडावरून हटे आणि दुसऱ्यावर बसे. व्यापाऱ्याचा फोन आला की साडू सांगत, “अजून एक थेंब हाय.” गल्लीतली माणसं हसू लागली. माझ्या बायकोला मात्र हसू येत नव्हतं. “जाऊन बघून या,” ती म्हणाली, “दाजी जेवतात तरी का ते.”

रविवारी सकाळी गेलो. पाय नेहमीच्या जागी होते. शेजारी भाकरी थापायची परात, आणि तिच्यात डिझेल.

“भाऊ, ही परात?”

“आता कोण थापणार हाय तिच्यात?”

टाकीपासून फिल्टरकडं जाणारी नळी लोखंडाला घासून घासून केसाएवढी चिरली होती. ती चीर त्यांना त्या सकाळी सापडली होती. त्यांनी नवी नळी चढवली, आवळली, हातपंप दाबत राहिले. बुडबुडे यायचे थांबले. आणि त्यांनी जोरात हाक दिली, “मार गं सेल!”

समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. ट्रकखाली पाना हळूच जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. पाय हलेनात.

मी केबिनमध्ये चढलो आणि किल्ली फिरवली. इंजिन जरासं खोकलं आणि लागलं. साडू बाहेर येतील म्हणून वाट पाहिली, शेवटी उतरून खाली वाकलो. ते उताणे पडून नव्या नळीकडं बघत होते.

“गळतंय का, भाऊ?”

“नाय.” त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. “चालू राहू द्या जरा, पाव्हणं. लगेच बंद नका करू.”

पुढच्या आठवड्यात ट्रक वैजापूरला गेला. नंतर एकदा साडू आमच्याकडं जेवायला आले असताना त्या व्यापाऱ्याचा फोन आला. “गाडी एक नंबर हाय काका,” तो आनंदानं सांगत होता. “थेंबभर गळत नाय.”

“खाली पेपर अंथरून बघितलं का?”

“बघितलं की. कोरडा ठणठणीत.”

“बरं.” साडूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “पण गळाली, तर दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. मला सांगा. मी यष्टीनं येतो.”

फोन ठेवून ते ताटावर बसले. आम्ही कुणी काही विचारलं नव्हतं. तरी माझ्याकडं बघून म्हणाले, “नवी नळी बी कवातरी चिरतीच की.” आणि कितीतरी दिवसांनी मला त्यांच्या आवाजात आशा ऐकू आली.