पाचोळ्याची वाट

मार्गशीर्ष लागला की आमच्या रानातल्या घराभोवती पानगळ सुरू होते आणि दिवसभर उन्हात बसावंसं वाटतं. परवा अंगण झाडता झाडता उत्साहाच्या भरात मी शेजारच्या काशीबाईंची पायवाटही लख्ख झाडून दिली. बाहेर येताच त्यांनी कपाळाला हात लावला.

“अहो ताई, पाचोळा मी मुद्दाम ठेवते. आमच्या ह्यांना दिसत नाही. पानं वाजली की कोण आलं ते त्यांना कळतं.”

मी ओशाळले. नीटनेटकेपणापायी आपण कुणाचं काय काय लोटून देतो, कोण जाणे! पाट्या भरभरून सगळा पाचोळा पुन्हा वाटेवर पसरला.

दुसऱ्या दिवशी त्यावरून सावकाश चालत गेले. मी तोंड उघडायच्या आतच बाजेवरून आवाज आला, “या ताई, उन्हात बसा.”