बऱ्या झालेल्या पोरीचा आजारपणाचा दाखला

शहाद्याच्या दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून पोर बाकावर बसली, ती धापा टाकतच. वय नऊ. गुडघे दुखायचे, पळता यायचं नाही. केसपेपरवर मी ओबेसिटी लिहिलं होतं, म्हणजे अंगावर बेताबाहेर चढलेली चरबी. दोन महिने पथ्य चालू होतं आणि वजन तसूभर हललं नव्हतं. मला वीट आला होता. त्याच सकाळी तोरणमाळहून उतरलेली हाडकुळी मुलं तपासली होती. त्यांना खाऊ घाला म्हणायचं, हिला नको म्हणायचं, आणि ऐकत कुणीच नाही.

तिचे वडील, म्हसावदचे पाटील, अंग तिरकं करून दारातून आत आले. मागून बायको, तशीच.

"आमनं रगतच आसं शे, डाक्टरसाहेब," पाटील म्हणाले.

"रक्त मला बदलता येत नाही, ताट येतं. घरात जेवायला काय असतं?"

पोरच बोलली, "माय-आबा मांडा खातस, मंग माले बी देतस."

चूक माझीच होती. मी एकट्या पोरीचं पथ्य लिहिलं होतं. आईबाप तुपात बुडवून पुरणाचे मांडे खाणार आणि शेजारी ती कोरडी भाकरी चावणार! मला तरी जमलं असतं का?

दवाखान्यात मोठ्यांचा काटा नव्हता. तिघांना सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात नेऊन कापसाच्या काट्यावर उभं केलं. हमाल हसले, पाटील भडकले. "मी आजारी नही!"

"ती तुमच्याच ताटात जेवते, पाटील. पथ्य तिघांना, नाहीतर कुणालाच नाही."

मग खरं कारण निघालं. पोर नवसाची. दर चैत्रात देवीपुढे तिची गुळाने तुला व्हायची आणि तो गूळ गावभर वाटायचा. दरवर्षी गूळ वाढतच गेलेला. "आवंदा गूय कमी लागना ते लोके काय म्हनतीन? देवी कोपनी म्हनतीन!"

"आणि पोरीला चालताच येईनासं झालं तर?"

आता बायको पहिल्यांदाच बोलली, "घरमा आते मांडा बंद. समदासले."

पाटलांनी चोरून खाल्लं, माझ्या शिव्या खाल्ल्या, पुन्हा चोरून खाल्लं. पण बाई हटली नाही. चैत्र लागला तेव्हा पोर पायऱ्या पळत चढली. मला फार बरं वाटलं.

तुलेच्या दोन दिवस आधी पाटील हजर. "एक कागद लिखी द्या, साहेब. पोर वरीसभर आजारी व्हती, म्हनीसन वजन उतरनं."

पोर आजारी आहे म्हणून मी घसा कोरडा केला, तेव्हा ती खात्यापित्या घरची होती. आता बरी झाली, तर आजारी! वाद घालायचं त्राण नव्हतं. दाखला लिहिला, शिक्का मारला.

तो देवीपुढे वाचला गेला. गाव हळहळलं. पोरीच्या अंगी मांस धरावं म्हणून घरोघरून मांडे आले. तिच्या आईने सगळे परत पाठवले.

पुढे जाड मूल आलं, की मी आधी आईबापांना काट्यावर उभं करायचो. गावाला उभं करायला काटा कुठून आणणार?