अधिकाऱ्याच्या कपाळावरचं कुंकू

जयंती दीक्षितने नेदरलँड्समधल्या हार्लेम गावात घराची वरची खोली रिकामी केली आणि जुनी मातीची भांडी, मूर्ती दुरुस्त करायचं काम थाटलं. नवऱ्याने, अंबरीशने, सुतकी चेहऱ्याने का होईना पाठिंबा दिला. पहिलं मोठं काम आलं जुन्या मूर्ती जमवणाऱ्या मार्खाबाईंचं: बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी चीनमध्ये कुणा बड्या माणसाबरोबर थडग्यात पुरलेला, हातभर उंच, मातीचा दरबारी अधिकारी. त्याची एक बाही तुटली होती. काम जमलं तर जयंतीचं नाव होणार, बिघडलं तर गाशा गुंडाळायचा. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

आणि नेमक्या पुण्याहून आलेल्या सासूबाई, सुहासिनीबाई, सकाळी वर गेल्या. छातीशी हात जुळवून उभा असलेला तो सज्जन पुरुष त्यांना देवच वाटला. त्याच्या मुठीत भोक होतं. दरबारात हातात धरायची लाकडी पाटी त्यात असायची, ती कधीच कुजून गेलेली. बाईंना वाटलं, उदबत्तीची काय छान सोय आहे! त्यांनी उदबत्ती खोचली, ओल्या बोटाने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, नमस्कार केला आणि खाली येऊन पोहे केले.

जयंतीने पाहिलं तेव्हा फार उशीर झाला होता. बिनझिलईच्या मातीने कुंकू पार पिऊन टाकलं होतं.

"कापसाने पूस ना," अंबरीश म्हणाला. "कोण बघतंय?"

"खालचा जुना पांढरा लेपही निघेल. मी पुसणार नाही. मार्खाबाईंना आजच बोलावते."

"माझ्यामुळे झालं गं," सासूबाई रडवेल्या झाल्या.

"आई, दार उघडं मी ठेवलं होतं."

मार्खाबाई सायकल दाराशी लावून वर आल्या. मूर्तीच्या कपाळाजवळ वाकल्या.

"कुणी केलं?"

"माझ्या खोलीत झालं, म्हणजे माझ्याकडून झालं," जयंती म्हणाली. "डाग काढायला गेलं तर मूर्ती आणखी बिघडेल, म्हणून मी काढणार नाही. दुसऱ्या कुणाकडे न्यायची असेल तर नीट बांधून देते."

तिने एकही शब्द मागे घेतला नाही.

मार्खाबाईंची नजर दारातल्या सुहासिनीबाईंच्या कपाळावर गेली. तिथेही तोच लाल रंग. मग कोटाची बटणं लावून जिन्यापाशी गेल्या आणि वळल्या.

"डाग मला मुळीच आवडलेला नाही. पण बाही तुम्हीच जोडायची."

जयंतीने मान हलवली. त्या गेल्यावर ती जिन्यातच बसली आणि पोटभर रडली.