काकीला पाठवलेले फोटो

भिवंडीजवळ राहनाळच्या गोडाऊनवर गाडी लावली की माल कधी भरून होईल हे कुणी सांगू शकत नाही. गेटपास येतो तर हमाल जेवायला गेलेले, हमाल येतात तर साहेबाचा फोन लागत नाही. मग आम्ही ड्रायव्हर लोक टपरीवर बसतो आणि एकेक किस्सा निघतो. इतके साठलेत की कुठला माझा आणि कुठला दुसऱ्याचा हे मलाच आठवत नाही. हे खालचे मात्र पक्के आठवतात. खोटं वाटलं तर सलीमभाईला विचारा, तो आणखी वाढवून सांगेल.

*

बळीराम आमच्यातला सगळ्यात चांगला ड्रायव्हर आणि सगळ्यात वाईट फोटोग्राफर. सिन्नरच्या गोंदेश्वराचा फोटो काढला, तर देऊळ अर्धं आणि याचा अंगठा पूर्ण. माहुलीचे सुळके काढले, तर सुळक्यांपेक्षा टेम्पोचा आरसा मोठा. तरी हा बाबा जुनं काही दिसलं की गाडी बाजूला घेणार, फोटो काढणार आणि ग्रुपवर टाकणार.

सलीमभाई एकदा वैतागला. "अरे बळीराम, किले का फोटो भेजता है या अपने अंगूठे का आधार कार्ड?"

सगळे हसले, बळीराम हसला नाही. म्हणाला, "आईसाठी काढतो. ती किल्ला न्हाय बघत. मागची माणसं बघते."

मग आमचंही हसू गेलं, कारण दामूला आम्ही सगळे ओळखायचो. दामू बळीरामचा थोरला भाऊ, आमच्यातलाच ड्रायव्हर. किल्ला, लेणी, देऊळ दिसलं की थांबायची खोड मूळची त्याची. काही वर्षांपूर्वी दौलताबादच्या किल्ल्याखाली त्याची गाडी सापडली. हँडब्रेक ओढलेला, काचा वर, जेवणाचा डबा धुऊन सीटवर पालथा घातलेला. दामू नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, देवऋषी झाला. दामू नाही तो नाहीच.

भाऊबंद म्हणाले, आता क्रिया उरकून घ्या. दामू-बळीरामच्या आईनं, आमच्या काकीनं, त्यांना दारातच थांबवलं. "माज्या जित्या पोराच्या फोटूला हार घालू व्हय? व्हा बाजूला." आणि बळीरामला सांगितलं, वाटेत जुनं काय दिसंल त्याचा फोटो धाड, माणसं येतील असा धाड. दामू असला तर अशाच ठिकाणी असंल.

त्या दिवसापासून आम्ही सगळेच काकीला फोटो पाठवायला लागलो.

*

दामूदादाचा हात ही राहनाळची फेमस गोष्ट होती. गोडाऊनला गाडी रिव्हर्स लावताना मागं एक माणूस लागतो. दामू उभा राहिला की ड्रायव्हर आरशात बघायचाच नाही. डावा हात कमरेवर, उजवा हात सुटा. "आन दे, आन दे…" आणि मग पंजा एकदम वर. गाडी आणि भिंत यांच्यात बिडीचं बंडल राहील एवढीच जागा.

सलीमभाई म्हणायचा, "दामू का हाथ ऊपर, तो सामने मालगाडी हो तो भी रुकेगी."

गावात एका हळदीला डीजेवाला ऐकेना. पोरांनी सांगून पाहिलं, सरपंचांनी सांगून पाहिलं. दामू जेवता जेवता उठला, समोर जाऊन उभा राहिला आणि खरकटा पंजा वर केला. डीजे बंद! डीजेवाला नंतर विचारत होता, मी बंद का केला?

*

हा किस्सा सलीमभाईचा. दौलताबादला भर दुपारी त्यानं गाडी लावली, काकीसाठी चांद मिनारचा फोटो काढला. समोर सीताफळं विकणारी एक बाई बसली होती. तिनं पाटीतून दोन सीताफळं काढून दिली.

सलीमभाई म्हणाला, "एकच दे मावशी, मी एकटाच आहे."

बाई म्हणाली, "मग गाडीत बसलेत ते खात न्हाईत का?"

सलीमभाईनं मागं वळून पाहिलं. केबिन रिकामी. बाईकडं पाहिलं, तर ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होती. यानं दोन्ही फळं घेतली, एक खाल्लं आणि एक बाजूच्या सीटवर ठेवलं. भिवंडीला येईपर्यंत त्या सीटकडं पाहिलं नाही.

"मग त्या सीताफळाचं काय झालं?" मी विचारलं.

"देखा नहीं. गाडी धोने को दी तब लड़के ने फेंका होगा." एवढं बोलून त्यानं विषय बदलला. पण तेव्हापासून सलीमभाई एकटा असला तरी बाजूच्या सीटचा पट्टा लावतो. विचारलं तर म्हणतो, चलान नको.

*

माझ्यावरही एकदा वेळ आली. गोंदेश्वराच्या देवळात गेलो होतो. म्हटलं, दर वेळी देवळाचाच फोटो जातो, आज आपलाही जाऊ दे. आवारात एक माणूस उभा होता, खांद्यावर नॅपकिन. त्याला म्हटलं, भाऊ, एक फोटो काढा. त्यानं मोबाइल घेतला, नीट दोन पावलं मागं गेला, फोटो काढला, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "गाडीला हँडब्रेक नाही."

मी बाहेर पळालो. टेम्पो उताराला लागलाच होता, अगदी हळू. खाली शाळेची पोरं खेळत होती. कसा चढलो, कसा ब्रेक दाबला, देवाला ठाऊक. आभार मानायला परत आत गेलो, तर आवारात कुणी नव्हतं. आणि देवळाच्या भिंतीआडून गाडी दिसत नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मोबाइल उघडला. माझा फोटो नव्हताच. फक्त टेम्पोचा होता.

मी तो काकीला दाखवला. काकीनं विचारलं, "तोंड कसं होतं रं त्याचं?"

म्हटलं, "ऊन होतं डोळ्यावर. पण दामू नव्हता काकी. दामूला मी ओळखलं असतं."

काकी म्हणाली, "नक्की?"

मी परत म्हटलं, "ऊन होतं काकी."

*

मग काकीला तो माणूस सापडला. आमच्या कुणाच्या फोटोत नाही, फक्त बळीरामच्या. दोन बोटांनी फोटो मोठा करून तिनं आम्हाला दाखवला. वेरूळच्या लेण्यांपाशी गर्दीच्या पलीकडं एक पाठमोरा माणूस. चांदबीबी महालाच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला, पाठमोरा. नळदुर्गाच्या दारातही तोच. फिका शर्ट, खांद्यावर नॅपकिन. दर वेळी टेम्पोच्या पुढं, आणि जिकडं बळीराम जाणार तिकडंच चाललेला.

"काकी, असला शर्ट धामणकर नाक्याला प्रत्येक हातगाडीवर मिळतो," सलीमभाई म्हणाला.

"शर्टाचं सांगतोस मला? चालणं बघ," काकी म्हणाली.

फोटोत कुणी चालतं का! पण आम्ही तिघांनी मान खाली घातली, कारण ते चालणं आम्हालाही ओळखू आलं होतं. बळीराम घाबरला होता. मला म्हणाला, "किसना, मी फोटो काढतो तवा पुढं कुनी नसतं रे." त्यानं फोटो बंद करायचं ठरवलं. काकीनं दोन दिवस जेवण सोडलं. मग त्यानं परत चालू केले.

*

पुढच्या श्रावणात बळीराम जुन्नरला माल टाकून माळशेज घाटातून परत येत होता. निघताना त्यानं शिवनेरी मागं ठेवून फोटो काढला आणि पाठवला. मी आणि सलीमभाई टपरीवर होतो. मला काकीचा फोन आला.

"किसना, बळीरामला थांबव. माझा फोन उचलंना."

"काय झालं काकी?"

"फोटू बघ."

मी उघडला. ढगात अर्धा बुडालेला किल्ला, ओला रस्ता, कोपऱ्यात बळीरामचा अंगठा. आणि रस्त्याच्या मधोमध तो माणूस. या वेळी पाठमोरा नाही. तोंड आमच्याकडं, पण धूसर. डावा हात कमरेवर. उजवा पंजा वर.

सलीमभाईनं ग्लास खाली ठेवला. "लगा फोन," तो म्हणाला.

बळीरामचा फोन लागत नव्हता. घाट जवळ आला की रेंज जाते. आम्ही दोघं आलटून पालटून लावत राहिलो. सलीमभाई काहीतरी पुटपुटत होता, मी गावदेवीला नारळ बोललो. शेवटी घाटाच्या अलीकडं, मढच्या जवळ लागला. मी नुसता ओरडलो, "गाडी बाजूला घे!" बळीरामनं मला शिव्या घातल्या, उशीर होतोय म्हणाला, पण घेतली. चहा सांगितला. चहा यायच्या आत घाटातून गाड्या उलट्या फिरून यायला लागल्या. पुढं दरड आली होती. एक ड्रायव्हर त्याला म्हणाला, नशीब आपलं, आत्ताच पडली.

लांबचा वळसा घेऊन बळीराम दुसऱ्या दिवशी घरी पोचला. काकीनं त्याला जवळ घेतलं आणि मोठ्यानं रडली. दामू गेल्यापासून तिला रडताना आम्ही पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "हार आना. माझा दामू गेला. जिता असता तर घरी आला असता, असा वाटंत हुबा न्हाय ऱ्हायला असता."

भाऊबंदांनी लायसनवरचा फोटो मोठा करू म्हटलं. काकी म्हणाली, "तो नको. शिवनेरीचा लावा. त्याच्यात पोर काम करतोय माजा."

मी आणि बळीराम धामणकर नाक्याच्या स्टुडिओत गेलो. फोटो देऊन आलो, फ्रेम घ्यायला परत गेलो. स्टुडिओवाल्यानं फ्रेमवरचा कागद सोडला. मस्त प्रिंट होती. किल्ला, ढग, ओला रस्ता. अंगठा त्यानं कापला होता.

रस्त्यावर कुणी नव्हतं.

"माणूस काढला का तुम्ही?" बळीरामनं विचारलं.

"कुठला माणूस?" स्टुडिओवाला म्हणाला. "अंगठा काढला फक्त."

आम्ही मोबाइल काढले. बळीरामचा, माझा. सलीमभाईला फोन करून त्याचा बघायला लावला. सगळ्यांत नुसता रस्ता.

घरी न्यायचा धीर होईना. बळीराम म्हणाला, आईला काय सांगू. मी म्हटलं, चल, मी आहे. काकी दारातच बसली होती. तिनं फ्रेम घेतली, मांडीवर ठेवली, पदरानं काच पुसली आणि जवळ धरून बघितली.

"चांगला आलाय," काकी म्हणाली. मग फ्रेम बळीरामकडं वळवली आणि रिकाम्या रस्त्यावर बोट ठेवलं. "बघ, तू घरी आलास म्हनून हात खाली घेतला त्यानं."